मंडईत उभं राहून: कँडिड स्ट्रीट फोटोग्राफी सुधारायची कशी

रस्त्यावरचे कँडिड फोटो फसतात ते बहुतेक वेळा कॅमेऱ्यामुळे नाही, अंतरामुळे. हौशी माणूस ७०-३०० ची, लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स लावतो, रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो, समोरच्याला कळायच्या आत चार क्लिक मारतो आणि सटकतो. घरी येऊन बघावं तर पाठमोरे लोक, विडी ओढणारे एक आजोबा, झोपलेलं कुत्रं आणि फुगेवाला. सगळं लांबून, सगळं सपाट. बघणाऱ्याला वाटतं, फोटो काढणारा तिथे नव्हताच. आणि ते खरंही असतं.

कँडिड म्हणजे लपून काढलेला, असं बरेच जण धरून चालतात. माझं मत वेगळं आहे. समोरच्या माणसाने तुमची दखल घ्यायचं सोडून दिलं की जो फोटो मिळतो तो कँडिड. लपणाऱ्याकडे लोक आधी बघतात. उघड उभ्या राहिलेल्या माणसाकडे पाच मिनिटं बघतात आणि मग आपापल्या कामाला लागतात. म्हणून खालच्या सगळ्या सूचनांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: जवळ जा, दिसत राहा, थांबा.

उदाहरणासाठी मी पुण्याची महात्मा फुले मंडई आणि तिच्या आजूबाजूच्या पेठा घेतल्या आहेत, कारण तिथला उजेड आणि तिथली माणसं माझ्या ओळखीची आहेत. तुम्ही दादरचं फूल मार्केट घ्या, पणजीचा बाजार घ्या, तुमच्या तालुक्याचा आठवडी बाजार घ्या. पद्धत तीच राहते.

आधी एक लेन्स पक्की करा

नवीन काही विकत घेऊ नका. जो कॅमेरा आहे त्यावर एकच फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीमधला आकडा; तो जितका लहान तितकं दृश्य रुंद) ठरवा आणि निदान दोन-तीन महिने ती बदलू नका. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, २८ किंवा ३५ मिमी; एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, १८ ते २४ मिमी. कीट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळालेली साधी झूम) असेल तर २३-२४ च्या आसपास झूम रिंग फिरवा आणि तिच्यावर चक्क चिकटपट्टी लावा. झूम हातात असलं की माणूस पाय हलवत नाही. आणि लेन्स रोज बदलत राहिली तर फ्रेममध्ये काय येईल हे कॅमेरा डोळ्याला न लावता सांगता येत नाही. रस्त्यावर ते सांगता यावं लागतं.

मोबाइल चालतो का? उत्तम चालतो. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४-२६ मिमीच्या तोडीचा असतो, म्हणजे तो आधीच 'जवळ जा' म्हणतोय. तीन गोष्टी करा: आवाज बंद, क्लिकसाठी आवाजाचं बटण, आणि स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस-एक्सपोजर लॉक. लॉक केल्यावर बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा. उन्हात फोन फोटो नको इतका उजळ करतात आणि पांढरे सदरे जळून जातात.

लांब लेन्सबद्दल एवढं कठोर बोलल्यावर एक अपवाद सांगायलाच हवा. न्यूयॉर्कचे फोटोग्राफर सॉल लायटर ९० मिमी आणि त्याहून लांब लेन्स वापरून, दुकानांच्या ओल्या काचांमधून रस्ता टिपायचे, आणि त्या फोटोंना तोड नाही. पण त्यांच्या फोटोत काच, वाफ, रंगाचे पट्टे हा अर्धा विषय असायचा. माणसाजवळ जायची भीती वाटते म्हणून त्यांनी लांब लेन्स लावली नव्हती. तुमचं कारण कोणतं आहे ते तुम्हाला माहीत असतं.

सेटिंग घरातून करून निघा

मंडईत पोचल्यावर मेनूत डोकं घालून उभं राहिलात तर समोरचं निसटलं. उन्हात आणि मोकळ्या सावलीत चालेल असं सेटिंग असं: मॅन्युअल मोड, शटर (उजेड आत येण्याचा वेळ) १/५०० सेकंद, ॲपर्चर (लेन्सचं भोक; आकडा लहान तितकं ते मोठं) एफ/८, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, कमाल मर्यादा ६४०० वर. चालणारा माणूस दोन-अडीच मीटरवरून आडवा गेला तर १/२५० ला त्याचे हात-पाय किंचित हलतात, १/५०० ला बहुतेक थांबतात. कडक उन्हात एफ/८ आणि १/५०० ला आयएसओ सव्वाशेच्या आसपास राहतो, इमारतीच्या सावलीत हजाराच्या आसपास जातो. थोडा दाणेदार फोटो कुणाला खुपत नाही, हललेला खुपतो.

आता फोकस. ऑटोफोकस आजकाल फार हुशार झालाय, पण गर्दीत तो हमखास मधल्या पिशवीवर, नाहीतर पुढून गेलेल्या खांद्यावर बसतो. त्यापेक्षा अंतर आधीच बांधून ठेवा. एपीएस-सी कॅमेऱ्यावर २३ मिमी, एफ/८ आणि फोकस अडीच मीटरवर ठेवला तर साधारण १.४ मीटरपासून १० मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. फुल फ्रेमवर ३५ मिमी, एफ/८ आणि फोकस ३ मीटरवर ठेवला तर साधारण १.९ ते ७ मीटर. एवढ्या पट्ट्यात मंडईतला एक गाळा, गिऱ्हाईक आणि मागून जाणारा हमाल हे तिघंही बसतात.

लेन्सवर अंतराच्या खुणा नसतील तर सोपा उपाय आहे. अडीच मीटरवरच्या कशावरही ऑटोफोकस करा, मग फोकस मॅन्युअलवर टाका आणि रिंगला हात लावू नका. अडीच मीटर म्हणजे किती याचा अंदाज घरातच बसवा: दोन फुटी फरशी असेल तर चार फरशा म्हणजे आठ फूट, जवळपास तेवढंच. सोसायटीच्या आवारात चालताना 'ही गाडी किती लांब, तो वॉचमन किती लांब' असं मनाशी म्हणायचं आणि पावलं टाकून मोजायचं. दोन आठवड्यांत डोळा तयार होतो, आणि हे काम कॅमेऱ्याशिवाय होतं.

मंडईच्या दगडी इमारतीच्या आत मात्र हे सगळं बदलतं. तिथे उजेड कमी, आणि गाळ्या-गाळ्यांवर एलईडी दिवे लोंबकळत असतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण १/५०० ला आणि विशेषतः सायलेंट शटरवर फोटोत आडवे काळे-पिवळे पट्टे उमटतात. आत गेलात की शटर १/१०० वर आणा, सायलेंट मोड बंद करा, ॲपर्चर एफ/२.८ किंवा असेल तितकं उघडा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. आणि १/१०० ला चालणारी माणसं हलणार, हे गृहीत धरून बसलेल्या माणसांकडे वळा. वांग्यांचा ढीग रचणारी बाई स्थिर आणि तिच्यासमोरून वाहणारं गिऱ्हाईक पुसट, हाही फोटोच आहे.

उजेडाचं वेळापत्रक

आपल्या भागातल्या रस्त्यांच्या दिशा एकदा नकाशावर बघून ठेवा. फोटोग्राफीचा अर्धा अभ्यास त्यात होतो. लक्ष्मी रस्ता साधारण पूर्व-पश्चिम जातो. म्हणजे सकाळी ऊन पश्चिम टोकाच्या अलका चौकाकडे तोंड करून चालणाऱ्यांच्या पाठीवर पडतं आणि समोरून येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर. संध्याकाळी उलट. मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटी सूर्य जवळजवळ नेमका पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो, तेव्हा हा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळतो.

बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता दक्षिणोत्तर. संध्याकाळी पश्चिमेच्या इमारतींची सावली त्यांना लवकर गिळते, पण जिथे आडवा रस्ता किंवा बोळ येऊन मिळतो तिथे उन्हाचा एक उभा पट्टा रस्त्यावर पडतो. बाकी सगळीकडे अंधूक, आणि त्या पट्ट्यात शिरलेला माणूस दोन पावलांपुरता पेटल्यासारखा दिसतो. हा पट्टा शोधा, उजेड त्यातल्या सदऱ्यावरून मोजा, एक स्टॉप कमी (म्हणजे निम्मा उजेड) ठेवा आणि उभे राहा. स्कूटर, शाळेची मुलं, डोक्यावर पाटी घेतलेला हमाल, सगळे त्यातूनच जाणार आहेत. तुम्हाला कुठे जायची गरज नाही.

ऋतूचाही फरक मोठा. मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाखाली काळी मिशी. त्या दिवसांत दहा ते चार बाहेर पडू नका, किंवा पडलात तर ताडपत्रीखाली शिरा. निळ्या-पिवळ्या ताडपत्रीतून गाळून आलेलं ऊन भाजीवर आणि चेहऱ्यांवर रंग टाकतं, ते वेगळंच काम आहे. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो. म्हणजे दुपारी बारा वाजता भिंतीवर सावल्या मिळतात. पुण्या-मुंबईच्या फोटोग्राफरने सुट्ट्या डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवाव्यात, मे महिन्यात गावाला जावं.

उभं राहणं

आता खरं काम. फिरत फिरत फोटो काढण्याची सवय सुरुवातीला सोडून द्या. मंडईच्या परिसरातला शंभर-दोनशे मीटरचा तुकडा निवडा आणि दर आठवड्याला तिथेच जा. एकाच वेळी जायचं, म्हणजे लोकांना तुमची आणि तुम्हाला लोकांची सवय होते. सकाळी सात ते नऊ चांगली वेळ. माल लागलेला असतो, गर्दी वाढत असते, ऊन तिरपं असतं.

पोचल्यावर कॅमेरा पिशवीतून काढून गळ्यात घाला आणि पहिली दहा मिनिटं एकही फोटो काढू नका. चहा घ्या. भाजी घ्या. भाजी खरोखर घ्या, घरीही लागतेच. पण एक पाळा: बोहनीच्या आधी कुणाच्या पाटीसमोर कॅमेरा घेऊन उभं राहू नका. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून तुम्ही आलात, फोटो काढलात आणि काही न घेता गेलात, तर त्या मावशींचा दिवस तुमच्या नावाने सुरू होणार आणि तुमचाही.

मग आधी मागची बाजू ठरवा, माणूस नंतर. नवखा माणूस उलटं करतो: छान चेहरा दिसला की त्याच्या मागे धावतो आणि मागे कोणाचा तरी फ्लेक्स, विजेचा खांब, अर्धी रिक्षा येते. तुम्ही स्वच्छ मागची बाजू शोधा. एखादी रंग उडालेली भिंत, मंडईची कमान, कांद्याच्या गोण्यांची थप्पी, हार लटकवलेलं फुलांचं दुकान. फ्रेम ठरवा, चौकटीच्या चारही कडा एकदा डोळ्यांनी फिरून बघा, नको ते बाहेर काढा. आता या चौकटीत काहीतरी घडेल याची वाट बघा. पंधरा-वीस मिनिटं. काही घडलं नाही तर जागा बदला.

वाट बघताना कॅमेरा छातीशी, हात त्यावर सहज ठेवलेला असू द्या. खाली सोडलेला कॅमेरा अचानक वर आला की लोकांचं लक्ष त्या हालचालीने वेधलं जातं. वर असलेला कॅमेरा चार इंच हलला तर कुणी बघत नाही. शिकागोच्या फोटोग्राफर व्हिव्हियन मायर यांच्याकडे रोलीफ्लेक्स होता, त्यात वरून खाली मान घालून बघायचं असतं. त्यामुळे त्या समोरच्याकडे रोखून बघत नसत, आणि त्यांची माणसं किंचित खालच्या कोनातून, भारदस्त दिसतात. तुमच्या कॅमेऱ्याचा स्क्रीन उलगडत असेल तर कमरेच्या उंचीवरून काम करून बघा. जमिनीवर पाटी मांडून बसलेल्या माणसांसाठी तर गुडघे टेकाच. त्यांचे फोटो उभं राहून काढले की सगळ्यांची टकलं आणि पदरच येतात.

एक युक्ती सगळीकडे शिकवली जाते: क्लिक केल्यावरही कॅमेरा तसाच ठेवायचा आणि माणसाच्या मागे काहीतरी बघतोय असं दाखवायचं. चालते ती. मला आवडत नाही. एक तर त्यात खोटेपणा आहे, आणि दुसरं म्हणजे पुढच्या आठवड्यात तुम्हाला त्याच जागी जायचंय. क्लिक करा, नजरानजर झाली तर मान हलवा, हसा. बस.

काय बघायचं

चेहऱ्यांकडे सगळेच बघतात. तुम्ही हातांकडे बघा. पालेभाजीच्या पाटीजवळ पाच मिनिटं थांबा आणि एक व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. मावशी मेथीच्या जुड्यांवर पाण्याचा शिपकारा मारतात, तेव्हा थेंब उन्हात क्षणभर दिसतात. गिऱ्हाईक जुडी उचलून मुळांकडून बघतं. भाव ऐकून जुडी खाली ठेवतं, पण हात सोडत नाही. मावशी दुसरीकडे बघतात, जणू विकायचीच नाही. मग नोट पुढे होते, ती बारदानाखाली सरकवली जाते, सुट्ट्यासाठी कमरेची पिशवी उघडते. यातला सगळ्यात चांगला क्षण बहुतेक वेळा जुडी खाली ठेवलेली आणि हात अजून तिच्यावर, हा असतो. भाव ठरला की चेहरे सैल पडतात आणि फोटोही.

असे व्यवहार दिवसभर तेच ते होत असतात, हा बाजाराचा फायदा. पहिल्या वेळी क्रम लक्षात घ्या, दुसऱ्या वेळी जागा बरोबर करा, तिसऱ्या वेळी क्लिक करा. तागडीत वजन टाकताना, गोणी पाठीवर घेताना, हार ओवताना दोरा दातात धरताना, हेच. बर्स्ट मोड लावून दहा-दहा फोटो झोडू नका. ज्या क्षणी बोट दाबायचं होतं तो दोन फ्रेमच्या मध्ये निसटतो आणि घरी ढिगारा उपसावा लागतो तो वेगळाच.

एका माणसाचा फोटो नीट जमायला लागला की मग दोन-तीन थर जोडा. जवळ कुणाचा तरी हात किंवा खांदा, मध्ये मुख्य माणूस, मागे तिसरंच काही. इथे एकच नियम जिवापाड पाळा: डोकी एकमेकांवर चढू देऊ नका. दोन माणसांच्या मध्ये थोडी मोकळी जागा दिसली पाहिजे. त्यासाठी कॅमेरा नाही, स्वतः अर्धं पाऊल डावीकडे-उजवीकडे सरकावं लागतं. फोटोग्राफर रघुबीर सिंग (१९४२-१९९९) यांचे मुंबईचे फोटो शोधून बघा. काचा, आरसे, गाडीच्या खिडक्या, दाराच्या चौकटी वापरून ते एकाच फ्रेमचे तीन-चार तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यात वेगळी गोष्ट चाललेली असते, तरी गोंधळ नसतो. मंडईत मोटारसायकलचे आरसे, भांड्यांच्या दुकानातले स्टीलचे डबे, तुळशीबागेतल्या बांगड्यांच्या दुकानाच्या काचा, सगळं साहित्य फुकट आहे.

आणि गरिबीला विषय करू नका. फाटका सदरा म्हणजे फोटो नव्हे. तो सदरा घातलेला माणूस काहीतरी करत असेल, बोलत असेल, चिडवत असेल, तर तिथे फोटो आहे.

कुणी अडवलं तर

अडवतात. पुण्यात तर नक्की अडवतात. 'काय हो, कशाचे फोटो काढताय?' याला उत्तर लगेच, खरं आणि छोटं द्या: 'मावशी, मंडईचे काढतोय, दर रविवारी येतो. तुम्ही जुड्या बांधत होता ते छान दिसत होतं.' आणि कॅमेरा पुढे करून फोटो दाखवा. बहुतेक वेळा शेजारच्या मावशींना हाक जाते, 'अगं बघ, माझा फोटो!' आणि पुढची दहा मिनिटं सगळा बाजार पोज देतो. ते फोटोही प्रेमाने काढा, कँडिड नसले तरी. पोज देऊन झाली की माणसं कामाला लागतात, आणि तेव्हा तुम्ही त्यांच्या अगदी जवळ, परवानगीसह उभे असता.

कधी शंका वेगळी असते. महापालिकेचे आहात का, पेपरवाले आहात का, अतिक्रमणवाल्यांना फोटो देणार का? पथारीवाल्यांच्या दृष्टीने ही भीती खोटी नाही. ती उडवून लावू नका, नीट समजावून सांगा. 'काढून टाका' म्हणाले तर त्यांच्यासमोर काढून टाका. हक्क, कायदा, कला यांवर वाद घालू नका. एक फोटो गेला, जागा राहिली.

आणि प्रिंट द्या. चार-बाय-सहाचा एक साधा प्रिंट पुढच्या फेरीत नेऊन दिलात तर त्या गाळ्यावर तुम्ही कायमचे घरचे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो दोन दिवसांत हरवतो, प्रिंट गल्ल्याच्या काचेखाली वर्षानुवर्षं राहतो.

कायद्याचं आणि त्यापलीकडचं

सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी घालणारा कायदा आपल्याकडे नाही. पण मर्यादा आहेत. खासगी स्थितीतल्या स्त्रीचं चोरून चित्रण हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि संमतीशिवाय कुणाच्याही शरीराच्या खासगी भागाचं चित्रण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. फोटो जाहिरातीसाठी विकणार असाल तर त्यातल्या माणसाची लेखी संमती घ्या. लष्करी हद्द, विमानतळ, बंदर इथे कॅमेरा काढण्याआधी विचारा. रेल्वे आणि मेट्रोतही तेच. मंडईचं भुयारी मेट्रो स्टेशन सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून आतून वर येणाऱ्या माणसांचे फोटो सगळ्यांना खुणावतात, पण रस्त्यावर उभं राहूनही ते मिळतात.

माझे स्वतःचे नियम याहून कडक आहेत. लहान मुलांचे फोटो आई-बाप समोर असतील आणि त्यांनी मान हलवली तरच. रस्त्यावर झोपलेल्या, नशेत असलेल्या, रडणाऱ्या माणसांचे नाही. बुधवार पेठेच्या वेश्यावस्तीच्या गल्ल्यांतून जाताना कॅमेरा पिशवीत. तिथल्या बायकांचा एक फोटोही त्यांना गावाकडे महागात पडू शकतो.

पालखी, विसर्जन, पाऊस

सणाच्या दिवशी सगळं पुणं फोटोग्राफर होतं, म्हणून सगळ्यांना जे दिसतं त्याकडे थोडी पाठ करा. विसर्जन मिरवणूक मंडईतून सुरू होऊन लक्ष्मी रस्त्याने अलका चौकाकडे जाते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. ढोल उंचावणारे, ध्वज नाचवणारे यांचे फोटो हजारोंनी निघतात. बाजूच्या बोळात जा. तिथे पथकातली मुलं ढोलावर डोकं टेकून बसलेली असतात, कुणी बोटांना चिकटपट्टी गुंडाळतंय, कुणाची आई डबा घेऊन आलीय. पहाटेचे तीन-चार हे त्यासाठीचे खरे तास. कॅमेऱ्याला गुलालापासून जपा. लेन्स बदलू नका, आणि पुढे एक साधा यूव्ही फिल्टर लावून ठेवा.

पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठेत जा. चालणाऱ्या दिंडीपेक्षा थांबलेला वारकरी जास्त सापडतो: पायाला तेल लावणारा, शाळेच्या व्हरांड्यात धोतर वाळत घालणारा, दाढी करून घेणारा. इथे 'माउली' म्हणून हाक मारली की पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं.

पावसाला घाबरू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीला लेन्सएवढं भोक पाडा, रबर बँड लावा, झालं. छत्र्या, रेनकोट, डबक्यातली प्रतिबिंबं मिळतातच. पण पावसाचा खरा फायदा असा की माणसं आडोशाला दाटीवाटीने उभी राहतात आणि सगळ्यांची नजर एकाच दिशेला, पावसाकडे असते. तुमच्याकडे कुणाचंही लक्ष नसतं. एसी गाडीतून उतरत असाल तर कॅमेरा थोडा वेळ पिशवीतच राहू द्या, नाहीतर लेन्सवर वाफ धरते.

घरी आल्यावर

त्याच दिवशी निवड करू नका. काढतानाची मजा, दमणूक, त्या माणसाशी झालेलं बोलणं, सगळं फोटोला चिकटलेलं असतं आणि साधा फोटोही भारी वाटतो. न्यूयॉर्कचे फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड यासाठीच वर्ष-वर्ष रोल धुवायचे नाहीत. १९८४ मध्ये ते गेले तेव्हा न धुतलेले जवळपास अडीच हजार रोल मागे राहिले. इतकं ताणू नका, पण दोन-तीन आठवडे थांबा.

मग पहिल्या फेरीत फक्त छोटे थंबनेल बघा. अंगठ्याएवढ्या आकारात जो फोटो डोळ्यात भरतो त्याची रचना ठीक आहे. दुसऱ्या फेरीत मोठे करून बघा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: यात काय घडतंय? 'छान उजेड आहे', 'छान रंग आहे' एवढंच उत्तर आलं तर बाजूला ठेवा. महिन्याकाठी दोन फोटो उरले तर हात चांगला चाललाय.

क्रॉप करायला लाजू नका, पण सवय लावू नका. फ्रेम जशी टिपली तशीच ठेवावी असा फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ यांचा आग्रह असे. तरी पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनमागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२ चा प्रसिद्ध फोटो कुंपणाच्या फटीतून काढलेला आहे, आणि क्रॉप केलेला आहे. तुम्ही दर फोटोला डावीकडून कापत असाल तर ती खूण समजा: पुढच्या वेळी एक पाऊल उजवीकडे सरका.

कृष्णधवल की रंगीत? काढण्याआधी ठरवा. रंग बिघडले म्हणून काळा-पांढरा केलेला फोटो लगेच ओळखू येतो. मंडईत तर माझा कल रंगाकडेच आहे. ज्या काळात गंभीर फोटोग्राफी म्हणजे कृष्णधवल असं धरून चालत, त्या काळात रघुबीर सिंग रंगीतच काढत राहिले, आणि हळदीच्या गोणीसमोर उभं राहिलं की ते का, हे कळतं.

निवडलेल्या फोटोंचे स्वस्तातले प्रिंट काढा आणि घरात फरशीवर मांडा. स्क्रीनवर एकेक बघताना न दिसणारी गोष्ट तिथे दिसते: सगळे फोटो एकाच उंचीवरून आहेत, सगळी माणसं डावीकडे बघतायत, एकाही फोटोत बायका हसत नाहीत. पुढच्या महिन्यात काय करायचं त्याची यादी त्यातूनच निघते. मग ते प्रिंट अशा एखाद्या माणसाला दाखवा जो 'वा!' म्हणणार नाही. घरचे आणि मित्र यासाठी निरुपयोगी. पाच फोटो बाद करायला सांगा, कारण विचारू नका, फक्त कोणते बाद होतात ते बघा. बाद झालेल्यांत तुमचा सगळ्यात लाडका असेल, तर तो महिनाभर भिंतीवर लावून ठेवा आणि मग ठरवा कोण बरोबर ते.